बदललेली जिप्सी, नंबर नसलेली रेसकार आणि विम्याचे कागद

जुनी जिप्सी किंवा थार घेऊन तिच्यात हौसेनं बदल करणारी मंडळी मला दर रॅलीत भेटतात. टायर, सस्पेन्शन, विंच यांवर तासन् तास गप्पा होतात. विम्याचा विषय निघाला की मात्र बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: "थर्ड पार्टी आहे ना, बाकीचं बघू." थर्ड पार्टी म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा विमा. मी आणि दादानं ऑक्टोबर २०२३ मध्ये २०१२ ची मारुती जिप्सी घेतली, तेव्हा आम्ही ठरवलं होतं की गाडी जशी आहे तशी विमा कंपनीला सांगायची आणि रॅलीतही विमा लागू राहील याची सोय करायची. दादा चालवतो, मी शेजारी बसून नॅव्हिगेशन करते. ठरवलं तसं हातात पडायला पुढचा उन्हाळा उजाडला. त्यानंतर दादानं एक रेसकार घेतली, तिच्यासाठी पुन्हा वेगळी वाट शोधावी लागली. या वाटेवर नव्यानं येणाऱ्यांची थोडी धावपळ वाचावी म्हणून सगळं क्रमानं लिहिते आहे.

गाडी पुण्यातच नोंदवलेली होती, त्यामुळे दुसऱ्या आरटीओची एनओसी लागली नाही. फॉर्म २९ आणि ३० भरून मालकी बदलायला दिली. आधीच्या मालकाची पॉलिसी फक्त थर्ड पार्टीची होती आणि नोव्हेंबरच्या मध्यावर संपत होती. इथं एक गोष्ट माहीत असलेली बरी. गाडी विकली की थर्ड पार्टी विमा नव्या मालकाकडे आपोआप गेला असं कायदा धरतो, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा, म्हणजे ओन डॅमेजचा भाग तसा जात नाही. त्यासाठी मालकी बदलल्यापासून चौदा दिवसांत कंपनीकडे अर्ज करावा लागतो. जुन्या गाडीबरोबर "फुल इन्शुरन्स आहे" असं सांगून पॉलिसीची झेरॉक्स हातात देतात, तेव्हा हे लक्षात ठेवा.

आमच्या जिप्सीवर आधीच्या मालकानं बरंच काम करून घेतलं होतं. पुढे जाड लोखंडी बंपर आणि त्यात विंच, म्हणजे अडकलेली गाडी ओढून काढायचं यंत्र, मडगार्डच्या बाहेर आलेले रुंद टायर, अलॉय व्हील, पुढे दोन बकेट सीट, मागचे बाक काढून तिथे नटबोल्टनं बसवलेला रोल केज आणि अंगभर लष्करी हिरवा रंग. दिसायला गाडी देखणी होती, हे मान्य करायलाच हवं.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला मी ऑनलाइन पॉलिसी काढायला बसले. गाडीत काही बदल केले आहेत का, या प्रश्नावर 'हो' वर टिचकी मारली की पान पुढे सरकेना, शाखेशी संपर्क साधा असा संदेश येई. दुसऱ्या कंपनीकडेही तेच. मग आमच्या घरच्या गाड्यांचा विमा काढणाऱ्या काकांना फोन केला. ते म्हणाले, "ताई, 'नाही' लिहून टाका. कोण बघतंय? सगळे तसंच करतात." त्यांचा हेतू वाईट नव्हता, त्यांना काम पटकन उरकायचं होतं. पण विम्याचा करार आपण दिलेल्या माहितीवरच उभा असतो, आणि ती माहिती तपासली जाते ती नेमकी क्लेमच्या वेळी. हप्ते घेताना कोणी गाडीखाली वाकून बघत नाही. नुकसान झाल्यावर ते तपासायला येणारा सर्व्हेअर बघतो. 'नाही' लिहून भरलेला प्रीमियम मला पाण्यात घातल्यासारखा वाटत होता.

दरम्यान जुनी पॉलिसी संपत आली होती. विम्याशिवाय गाडी रस्त्यावर काढता येत नाही आणि आरटीओतलं कोणतंही काम चालू विमा आणि पीयूसीशिवाय पुढे जात नाही. म्हणून सरकारी विमा कंपनीच्या शाखेत जाऊन आधी फक्त थर्ड पार्टी पॉलिसी घेतली. १००० ते १५०० सीसीच्या खासगी गाडीचा दर सरकारनं ठरवून दिलेला असतो, तेव्हा तो ३,४१६ रुपये, अधिक जीएसटी होता. जून २०२२ पासून हाच चालू होता आणि तो सगळ्या कंपन्यांना सारखा असल्यामुळे त्यात घासाघीस नसते. जिप्सीचं इंजिन १२९८ सीसीचं, म्हणून हा गट. माझा सल्ला असा की बदल केलेली जुनी गाडी घेतलीत तर हाच क्रम ठेवा: आधी थर्ड पार्टी, मग कागद सरळ करणं, आणि शेवटी ओन डॅमेज. उलट क्रमानं गेलात तर आरटीओ विमा मागतं, विमा कंपनी आरसी दुरुस्त करून आणायला सांगते आणि माणूस मध्ये अडकतो.

डिसेंबरमध्ये त्याच शाखेत पॅकेज पॉलिसीसाठी, म्हणजे थर्ड पार्टी आणि ओन डॅमेज दोन्ही असलेल्या पॉलिसीसाठी अर्ज दिला. तिथल्या अंडररायटिंग (जोखीम तपासून विमा द्यायचा की नाही ते ठरवणं) बघणाऱ्या मॅडमनी माझं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. बदलांची यादी, प्रत्येक वस्तूचं बिल, चारही बाजूंचे फोटो आणि आरसीची प्रत द्यायला सांगितली. बऱ्याच वस्तूंची बिलं आधीच्या मालकाकडे होती, काहींची नव्हती. "बिल नाही ती वस्तू आमच्या लेखी गाडीत नाही," असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. त्याच भेटीत त्यांनी छापील पॉलिसीतला एक परिच्छेद पेन्सिलनं खूण करून माझ्यापुढे सरकवला: वापराच्या मर्यादा. खासगी गाडीची पॉलिसी कुठल्या वापराला लागू नाही, त्याची ती यादी. भाड्यानं देणं, मालवाहतूक, आयोजित शर्यत, पेस मेकिंग (वेग ठरवून देण्यासाठी पुढे गाडी चालवणं), वेगाची चाचणी, रिलायबिलिटी ट्रायल (गाडीच्या भरवशाची चाचणी) आणि गाड्यांच्या व्यवसायातला वापर. ही यादी प्रत्येक गाडीमालकाच्या पॉलिसीत असते. मी तोवर कितीतरी पॉलिसींवर सह्या केल्या होत्या, पण ती ओळीनं वाचली त्या दिवशी.

आयोजित शर्यत आणि वेगाची चाचणी हे शब्द मोटार वाहन कायद्यातही आहेत. गाडी त्यासाठी वापरली गेली होती, हा थर्ड पार्टी दाव्यातही कंपनीला घेता येणारा बचाव आहे. म्हणजे मोकळ्या रस्त्यावर मित्रांनी लावलेल्या शर्यतीत कुणाला धडक बसली, तर भरपाईचा बोजा शेवटी गाडीमालकावर येऊ शकतो. हे कळल्यावर मी आमच्या ग्रुपमधल्या दोन-तीन मुलांना मुद्दाम फोन करून सांगितलं.

मग पाहणी. कंपनीनं पाठवलेला माणूस गॅरेजमध्ये आला, चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासली आणि छाप घेतला. मग बॉनेट उघडून इंजिनावरचा तेलकट थर चिंधीनं पुसला, मोबाइलचा टॉर्च मारला, आरसीशी आकडे ताडून पाहिले आणि पुन्हा पाहिले. "ताई, नंबर जुळत नाही." चेसिस बरोबर होता, इंजिन दुसरं होतं. आधीच्या मालकाला विचारलं तर तो सहज म्हणाला, "हो, २०१९ ला इंजिन बदललं होतं, जिप्सीचंच आहे." नोंद मात्र कुठेच केलेली नव्हती. पाहणीच्या अहवालात तसं लिहिलं गेलं आणि अर्ज तिथेच थांबला.

जानेवारी २०२४ पासून आरटीओ सुरू झालं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ हा या सगळ्याचा गाभा आहे. उत्पादकानं दिलेल्या आणि आरसीवर असलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ नुसार मालकाला प्रत्येक बेकायदा बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. मंजुरी घेऊन करता येणारे बदल थोडे आहेत. त्याच बनावटीचं आणि प्रकारचं इंजिन बसवणं आणि मान्यताप्राप्त सीएनजी किंवा एलपीजी किट लावणं हे त्यातले नेहमीचे. बदल केल्यावर चौदा दिवसांत नोंद करायला द्यायची असते. आमच्या गाडीत ते चौदा दिवस उलटून वर्षं झाली होती.

तिथल्या मोटार वाहन निरीक्षकांना मी सगळं सरळ सांगितलं. त्यांनी गाडी दाखवायला आणायला सांगितली. फेब्रुवारीतल्या त्या सकाळी गाडीभोवती एक चक्कर मारून ते म्हणाले, "ताई, आरसी गाडीसारखी करता येत नाही. गाडी आरसीसारखी करा. इंजिनाचं मात्र होईल, त्याचे कागद आणा."

त्यांनी दाखवलेल्या गोष्टी अशा. हिरवा रंग ताबडतोब जायला हवा, कारण ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण दलाच्या वाहनांना वापरता येतो, तसा केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२१ आहे. जिप्सीवाल्यांमध्ये हा रंग इतका लोकप्रिय आहे की हे वाचून अनेकांना धक्का बसेल. लोखंडी बंपरही काढायचा. क्रॅश गार्ड आणि बुलबारवर कारवाई करा असं केंद्रानं डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलेलं आहे. समोरच्या पादचाऱ्याला त्यानं जास्त इजा होते आणि धडकेचा जोर शोषला न जाता थेट चेसिसवर जातो. टायर मडगार्डच्या आत बसतील असे हवेत. आणि आरसीवर जितकी आसनं तितकी गाडीत हवीत, म्हणजे मागचे बाक परत बसवायचे.

बाक परत बसवायचे तर रोल केज तिथून निघायला हवा. दादाला हे फार लागलं. केज म्हणजे दिखावा नव्हे, गाडी उलटली तर छत डोक्यावर येऊ नये म्हणून लावलेली ती चौकट. आमच्या गाडीला कापडी छप्पर, मग तर तिचं मोल जास्त. पण केज असलेल्या गाडीत रोज हेल्मेटशिवाय फिरणं हेही धोक्याचंच, कारण साध्या धडकेतसुद्धा डोकं त्या नळीवर आपटू शकतं. शेवटी केज निघाला. बंपर आणि विंच विकून टाकले. गाडी मूळ पांढऱ्या रंगात आणायला डेंटिंग-पेंटिंगसह ४२,००० रुपये लागले. मूळ रंगच दिल्यामुळे आरसीवर रंगबदलाची वेगळी नोंद करावी लागली नाही. वेगळा रंग दिला असता तर तीही फाइल वाढली असती.

इंजिनाच्या कागदांना सगळ्यात जास्त वेळ गेला. इंजिन कुठून आलं ते सिद्ध करायचं होतं. आधीच्या मालकानं जुन्या फायलींमधून खरेदीचं बिल शोधून दिलं, त्यावर इंजिन नंबर स्वच्छ लिहिलेला होता. तो कागद मिळाला नसता तर आमचं काम तिथेच संपलं असतं. इंजिन ज्या गाडीचं, तिची नोंदणी रद्द झाल्याचा कागद भंगारवाल्याकडून मिळवावा लागला. ते इंजिन चोरीच्या गाडीचं नाही याची खातरजमा एनसीआरबीच्या, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या, वाहन समन्वय या प्रणालीतून झाली. शिवाय प्रतिज्ञापत्र, गॅरेजचं पत्र, इंजिन आणि चेसिसच्या नंबरांचे पेन्सिल छाप, चालू विमा आणि पीयूसी. बाहेरच्या एजंटनं या कामाचे बारा हजार सांगितले होते. आम्ही स्वतः केलं, तर सरकारी फी आणि स्टॅम्प पेपर धरून खर्च त्याच्या दहाव्या भागाइतकाही आला नाही. वेळ मात्र आपला जातो. निरीक्षक दौऱ्यावर, मग सर्व्हर बंद, मग मार्चअखेरची गर्दी. नवा इंजिन नंबर असलेली आरसी एप्रिलच्या शेवटी हातात आली. फाइल देताना प्रत्येक कागदाची एक जादा प्रत स्वतःकडे ठेवा आणि पोच घ्या. तेच कागद विमा कंपनीला जसेच्या तसे लागतात.

मे २०२४ मध्ये पुन्हा शाखेत गेले, पुन्हा पाहणी झाली आणि या वेळी आकडे जुळले. गाडी पाच वर्षांपेक्षा जुनी असली की तिची आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली किंमत, तक्त्यानं ठरत नाही, कंपनी आणि मालक यांच्या संमतीनं ठरते. हा बोलण्याचा मुद्दा आहे हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. संगणकानं सुचवलेली रक्कम फारच कमी होती. मी तशाच वर्षाच्या जिप्सी किती किमतीला विकल्या जात आहेत त्याच्या जाहिराती, मूल्यांकन करणाऱ्याचा दाखला आणि रंगकामाचं बिल पुढे ठेवलं. २,६०,००० वर एकमत झालं. आयडीव्ही उगाच फुगवू नका. प्रीमियम वाढतो आणि बाजारभावापेक्षा जास्त काही हाती लागत नाही.

ॲक्सेसरीजची वेगळी यादी करावी लागली. रॅलीचा ट्रिपमीटर (अंतर मोजायचं यंत्र) आणि हवा भरायचा कॉम्प्रेसर हे इलेक्ट्रिकलमध्ये, अलॉय व्हील आणि बकेट सीट बिगर-इलेक्ट्रिकलमध्ये. इलेक्ट्रिकल वस्तूंना २००२ च्या इंडिया मोटर टॅरिफमधलं आयएमटी २४ हे कलम जोडतात, जुना दर वस्तूच्या किमतीच्या ४ टक्के. ओन डॅमेजचे दर २००७ पासून कंपन्यांना मोकळे आहेत, तरी मला ४ टक्केच लावले. सीएनजी किट असेल तर त्याला आयएमटी २५. माझी विनंती आहे की यादीत नुसतं 'ट्रिपमीटर' लिहू नका, त्याचा सीरियल नंबरही लिहायला लावा. आधीची थर्ड पार्टी पॉलिसी त्याच कंपनीनं बंद करून उरलेल्या काळाचे पैसे वळते केले. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा धरून पूर्ण वर्षाचा प्रीमियम जीएसटीसह सोळा हजारांच्या आसपास बसला.

ऑगस्टमध्ये पावसाळी टीएसडी रॅली होती. टीएसडी म्हणजे वेळ, वेग, अंतर. चालू रहदारीच्या रस्त्यावर, वेगमर्यादेच्या आत, ठरवून दिलेली सरासरी राखायची. लवकर पोचलात तरी दंड, उशिरा पोचलात तरी दंड. यात कोण जोरात गेलं याला किंमत नसते, म्हणून विम्याच्या भाषेत ती रिलायबिलिटी ट्रायलमध्ये बसते, आणि त्यासाठी आयएमटी ३१ हे कलम आहे. जादा प्रीमियम भरून त्या एका कार्यक्रमापुरती पॉलिसी वाढवून मिळते. त्यात कार्यक्रमाचं नाव, ठिकाण, तारीख आणि आयोजक लिहिलेले असतात. शर्यत, पेस मेकिंग आणि वेगाची चाचणी मात्र त्या कलमातही वगळलेली आहे. त्यामुळे रस्ता बंद करून सेकंदांवर निकाल लावणाऱ्या स्टेज रॅलीसाठी हे चालत नाही.

शाखेतल्या कुणीच हे कलम आजवर दिलेलं नव्हतं. मी रॅलीच्या महिनाभर आधी अर्ज दिला: आयोजकांची नियमपुस्तिका, मोटर स्पोर्ट्सच्या राष्ट्रीय महासंघाची, म्हणजे एफएमएससीआयची परवानगी, आमचा प्रवेश अर्ज आणि सरासरी वेग दाखवणारं पान. प्रकरण विभागीय कार्यालयात गेलं. मधल्या काळात दुसऱ्या एका कंपनीकडेही विचारून पाहिलं, तिथं फोनवर "असं काही नसतं" एवढंच सांगितलं गेलं. अशा वेळी फोनवर वाद घालू नका. ईमेल करा, आयएमटी ३१ चा उल्लेख करा आणि नकार असेल तर लेखी मागा. विमा कंपनीनं उत्तरच दिलं नाही किंवा पटणारं दिलं नाही, तर आधी तिच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लिहायचं, विमा नियामक इर्डाच्या बिमा भरोसा पोर्टलवर नोंद करायची आणि महिन्यात निकाल लागला नाही तर विमा लोकपालाकडे जायचं. लोकपालाकडे फी नसते, वकीलही लागत नाही. आम्हाला तिथवर जावं लागलं नाही. रॅलीच्या आदल्या आठवड्यात एंडोर्समेंट (पॉलिसीला जोडलेली पुरवणी) मिळालं, खर्च दीड हजारांच्या आत. नाव, तारीख, रजिस्ट्रेशन नंबर मी काउंटरवरच उभी राहून तपासलं.

आणि त्याच रॅलीत त्याचा उपयोग झाला. घाटात एका वळणावर समोरून एसटी आली, दादानं गाडी डावीकडे घेतली, चिखलात मागचं चाक सरकलं आणि गाडीची पुढची डावी बाजू कठड्याला घासत गेली. वेग फार नव्हता, आम्हा दोघांना खरचटलंही नाही, पण मडगार्ड, हेडलाइट, एक टायर आणि त्याचं अलॉय व्हील गेलं, समोरच्या काचेला आरपार चीर गेली. मी आधी फोटो काढले, गाडी हलवायच्या आत. रस्ता, टायरच्या खुणा, कठडा, आमचा रॅली नंबर, सगळं. रॅली नंबर लपवावा असं तिथल्या एका सहभागी मित्रानं सुचवलं. आमच्याकडे एंडोर्समेंट होतं, लपवायचं काही नव्हतं. क्लेमच्या फॉर्मवर मी 'टीएसडी रॅलीत सहभागी असताना' असंच लिहिलं.

सर्व्हेअर गॅरेजमध्ये आले ते पॉलिसी, एंडोर्समेंट आणि ॲक्सेसरीजची यादी हातात घेऊन. अलॉय व्हीलच्या आतल्या बाजूचा ठसा त्यांनी बोटानं चिखल खरवडून वाचला, बिलाशी ताडला. इंजिन नंबरही परत पाहिला. मग आयोजकांच्या टाइमकार्डची प्रत मागितली. आधीच्या नियंत्रण चौकीवर आम्ही किती वाजता होतो आणि तिथून कठड्यापर्यंतचं अंतर किती, यावरून त्यांनी सरासरी काढून पाहिली. ती नियमपुस्तिकेतल्या सरासरीच्या जवळच होती. टाइमकार्ड फेकून देऊ नका, एवढंच सांगेन.

दुरुस्तीचं बिल ४५,००० झालं. मंजूर किती झालं ते तपशिलानं लिहिते, कारण 'फुल इन्शुरन्स' म्हणजे पूर्ण पैसे असं अनेकांना वाटतं. दहा वर्षांवरच्या गाडीच्या धातूच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात. रबर, प्लॅस्टिक, टायर यांवर वय काहीही असलं तरी ५० टक्के. काचेवर काहीच नाही. मजुरी पूर्ण मिळते. रंगकामाच्या एकत्रित बिलात एक चतुर्थांश हिस्सा रंगाचा धरतात आणि त्याच्या निम्मे कापतात. त्या हिशेबानं ६,००० चं मडगार्ड ३,०००, ७,५०० चं अलॉय ३,७५०, ९,००० चा टायर ४,५००, ३,००० चा हेडलाइट १,५००, काच पूर्ण ४,५००, मजुरी पूर्ण ७,००० आणि ८,००० च्या रंगकामाचे ७,०००. बेरीज ३१,२५०. त्यातून दीड हजार सीसीपर्यंतच्या गाडीची सक्तीची वजावट १,००० गेली आणि ३०,२५० रुपये ऑक्टोबरमध्ये खात्यात आले. झिरो डेप्रिसिएशन, म्हणजे घसारा न कापणारं जादा संरक्षण, इतक्या जुन्या गाडीला मला कोणी दिलं नाही.

दिवाळीनंतर दादानं रेसकार घेतली. जुनी सिंगल सीटर, एका संघाकडून, सहा लाखांना. तिला नंबर प्लेट नाही, कधीच नव्हती, आरसी नाही, दिवे नाहीत. रस्त्यावर चालण्याजोगं वाहन ते मोटार वाहन अशी कायद्याची व्याख्या आहे, आणि ही गाडी ट्रेलरवरून उतरून थेट ट्रॅकवरच चालते. त्यामुळे मोटार विभागात तिची फाइलच उघडेना. आधी त्रास झाला, पण मग त्याच शाखेतल्या मॅडमनी वाट दाखवली: तिच्याकडे गाडी म्हणून बघू नका, किमती माल म्हणून बघा.

तिचे तीन वेगळे प्रसंग आहेत आणि तिन्हींचं उत्तर वेगळं. गॅरेजमध्ये उभी असताना आग आणि चोरी. त्यासाठी जागेच्या पत्त्यावर आग आणि घरफोडीची पॉलिसी घेतली, भाडेकरार आणि चार्टर्ड इंजिनिअरचा मूल्यांकन दाखला जोडून. इंजिन आणि सुटे भाग स्वतंत्र ओळीत लिहिले, कारण अशा गाड्यांची इंजिनं बरेचदा बाहेर काढलेलीच असतात. दुसरा प्रसंग वाहतुकीचा. कोइमतूरचा कारी मोटर स्पीडवे किंवा चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टाईचा ट्रॅक पुण्याहून हजार-बाराशे किलोमीटर, आणि सगळ्यात जास्त धोका तिथंच, चढवताना, उतरवताना, पट्टे सैल पडल्यावर. यासाठी मरिन, म्हणजे मालवाहतुकीच्या विम्याच्या विभागातली इनलँड ट्रान्झिट (देशांतर्गत वाहतूक) पॉलिसी असते. त्यातलं 'ए' कलम सर्वांत व्यापक, 'बी' मध्ये ठरावीक धोकेच येतात. आम्ही 'ए' घेतलं. किंमत आधीच मान्य करून लिहिली गेली, त्यामुळे नंतर घसाऱ्याचा वाद नाही. एका फेरीला जीएसटीसह ११८० रुपये पडले. गाडी चढवण्याआधी आणि उतरवल्यावर फोटो काढायचे, आणि काही तुटलेलं दिसलं तर वाहतूकदाराच्या एलआरवर, म्हणजे मालाच्या पावतीवर, तिथल्या तिथे शेरा लिहायचा, सही करून मोकळं व्हायचं नाही.

तिसरा प्रसंग ट्रॅकवरचा. तिथल्या नुकसानीचा विमा द्यायला आम्ही विचारलेल्यांपैकी एकही कंपनी तयार झाली नाही. म्हणून दर शर्यतीला दादा एक रक्कम वेगळ्या खात्यात टाकतो, नोज कोन (गाडीचं पुढचं टोक) आणि सस्पेन्शनच्या दांड्या त्यातून येतात. हे कठीण वाटलं तरी मला पटलं आहे. जी गोष्ट विम्यात बसत नाही तिचा खर्च आधीच डोळ्यांसमोर असावा.

गाडीपेक्षा माणसाचं बघा, हे मी सगळ्यांना आवर्जून सांगते. आरोग्य विम्यातला वगळलेल्या गोष्टींचा नववा कोड साहसी खेळांचा आहे आणि त्यात मोटर रेसिंगचं नाव आहे, पण ते व्यावसायिक म्हणून भाग घेणाऱ्यांपुरतं. दादा हौशी आहे, नोकरी दुसरीच करतो. तरी मी कंपनीला लिहून विचारलं आणि त्यांचं उत्तर पॉलिसीच्या फाइलला लावून ठेवलं. वैयक्तिक अपघात विम्यात मात्र शर्यत सरसकट वगळलेली असू शकते. आमच्या जुन्या पॉलिसीत होती, म्हणून ती बदलली. एफएमएससीआयचा स्पर्धा परवाना काढताना त्याबरोबर कुठलं संरक्षण मिळतं आणि त्या कार्यक्रमाच्या आयोजकांच्या विम्यात सहभागी चालक येतो का, हे दोन्ही प्रश्न विचारा. चालकांकडून सही करून घेतात ते पत्र आधी वाचायला मागा, ट्रॅकवर सकाळच्या घाईत नाही.

मे २०२५ मध्ये जिप्सीच्या पॉलिसीचं नूतनीकरण झालं. क्लेम घेतल्यामुळे २० टक्के नो क्लेम बोनस मिळाला नाही, आयडीव्ही २,४०,००० वर आली. ॲक्सेसरीजची यादी आपोआप पुढे येत नाही, ती नव्यानं द्यावी लागली, नव्या अलॉय व्हीलच्या बिलासकट. आयएमटी ३१ तर दर कार्यक्रमाला वेगळंच घ्यायचं. यंदाच्या पावसाळी रॅलीचा अर्ज मी जूनमध्येच दिला, गेल्या वर्षीच्या एंडोर्समेंटची प्रत जोडून, आणि या वेळी तो विभागीय कार्यालयात न जाता शाखेतच मंजूर झाला.